दोन नाणी आणि ढाक्यातला एक वर्ग

दोन नाणी एकदम उडवली, तर एक छापा आणि एक काटा पडण्याची शक्यता किती? शाळकरी मूलही सांगेल, निम्मी. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असे चार प्रकार होतात आणि त्यांतले दोन आपल्या कामाचे. पण हाच हिशेब प्रकाशकणांना लावला, तर उत्तर चुकते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांख्यिकीय यामिकी जड जाते ती बऱ्याचदा इथेच. कपभर चहातल्या प्रत्येक रेणूचा माग काढणे अशक्य. म्हणून ते रेणू एकूण किती प्रकारे राहू शकतात हे मोजायचे आणि त्यावरून तापमान, दाब यांचा अंदाज बांधायचा, असा हा विषय. गणित अवघड असतेच, पण त्याआधी ‘वेगळा प्रकार’ कशाला म्हणायचे हे ठरवावे लागते.

ढाका विद्यापीठात शिकवणारे सत्येंद्रनाथ बोस यांना १९२४ साली हाच पेच पडला होता. तापलेली वस्तू कोणत्या रंगाचा किती प्रकाश देते, हे सांगणारा प्लांक यांचा नियम १९०० पासून ठाऊक होता. तो बरोबर होता, पण त्याची तोवरची सिद्धता जुन्या आणि नव्या कल्पनांची खिचडी होती. ती वर्गात शिकवताना बोस यांचे समाधान होईना. त्यांनी मोजणीच बदलली. दोन प्रकाशकणांची अदलाबदल केली तरी नवा प्रकार होत नाही, असा तिचा अर्थ. म्हणजे छापा-काटा आणि काटा-छापा एकच. प्रकार चार नव्हे, तीन. शक्यता एक तृतीयांश! (खिशातल्या नाण्यांवर हा प्रयोग करू नये. ती कितीही सारखी दिसली, तरी वेगवेगळी ओळखता येतात.)

बोस यांनी तो छोटासा निबंध थेट आइनस्टाइन यांना पाठवला. त्यांनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून छापून आणला आणि तीच मोजणी अणूंना लावली. अतिथंड वायूतले असंख्य अणू एकाच अवस्थेत गोळा होतील, असे त्यातून निघाले. आपण काही फार वेगळे केले आहे, याची आपल्याला तेव्हा कल्पनाच नव्हती, असे बोस पुढे सांगत.

ते भाकीत प्रयोगशाळेत दिसायला १९९५ साल उजाडले. अमेरिकेत बोल्डर येथे रुबिडियमचे काही हजार अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेल्यावर ते तसे गोळा झाले. त्या कामाला २००१ चे नोबेल मिळाले. बोस १९७४ मध्येच वारले होते.