वाऱ्याच्या ऋतूंत बेटावरील मुक्काम

बेटावर मुक्काम करावयाचा म्हणजे समुद्रकांठीं एखादें टुमदार घर शोधावें आणि खिडकी उघडतांच निळें पाणी दिसावें, एवढाच विचार बहुधा केला जातो. बेटाला बाजू असतात आणि त्या बाजूंचे गुणदोष ऋतूबरोबर पालटतात, ही गोष्ट पैसे भरून जागा पक्की केल्यावर आणि पहिली रात्र दारांखिडक्यांच्या खडखडाटांत काढल्यावरच पुष्कळांच्या ध्यानांत येते. अलीकडे भिवंडी, कल्याण, ठाणें येथील कुटुंबें दिवाळीच्या, नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुटींत अंदमान, लक्षद्वीप, मॉरिशस अशा ठिकाणीं जाऊं लागलीं आहेत. बरोबर वृद्ध माणसें असतात, तान्हीं मुलें असतात, कोणाचें रोजचें औषध चालू असतें. अशा वेळीं जागेची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाहीं. म्हणून ती कोणत्या विचारानें करावी, हें घरांतील कर्त्या माणसांनीं अगोदर समजून घेणें अगत्याचें आहे.

हा विचार भिवंडीकरांना परका वाटण्याचें कारण नाहीं. भिवंडी खाडीकांठीं वसली आहे, आणि तिच्या व खुल्या समुद्राच्या मध्यें साष्टीचें बेट आडवें पडलें आहे. त्या बेटाच्या मध्यभागीं कान्हेरीच्या बाजूचे डोंगर असून त्यांचा सर्वांत उंच माथा सुमारें ४६८ मीटर आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत नैर्ऋत्येकडून येणारा वारा अरबी समुद्रावरून मोकाट धांवत येतो. त्याच्या लाटा साष्टीच्या व मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर आपटतात आणि त्यांचा जोर तेथेंच संपतो. पलीकडच्या खाडीला भरती-ओहोटी कळते, पण दर्याचा तो उधाणलेला मार तिला लागत नाहीं. सन १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आल्यावर शिवाजी महाराजांनीं आपलीं जहाजें बांधण्यास याच खाडीचा आश्रय घेतला. मुंबईचें बंदरहि बेटाच्या पश्चिमेस नसून पूर्वेस आहे, तें याच कारणानें. पश्चिमेस मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पावसाळ्यांत लाटा रस्त्यावर येतात, त्याच दिवशीं पूर्वेकडील गोदींत जहाजें नांगर टाकून उभीं असतात. बेट एकच, वारा एकच. परंतु एक बाजू वाऱ्याची आणि दुसरी आडोशाची. बेटावरील मुक्कामाचा हा पहिला धडा होय.

दुसरा धडा सह्याद्रि शिकवितो. डोंगर वारा अडवितो, त्याबरोबर पाऊसहि पाडतो. समुद्रावरील ओलसर हवा डोंगर चढूं लागली कीं थंड होते आणि तिच्यांतील पाणी वाऱ्याकडील उतारावर व माथ्यावर गळतें. पलीकडे उतरतां उतरतां ती कोरडी होत जाते. महाबळेश्वरास वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पुण्यास सातशें मिलिमीटरांच्या आसपास. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं जात आणि पावसाळ्यांत मुक्काम पुण्यास हलवीत, त्यांत हाच हिशेब होता. उंच बेटावर जागा पाहणारानें तोच हिशेब मांडावा. उंचावरची जागा उन्हाळ्यांत सुखाची वाटली, तरी वाऱ्याच्या ऋतूंत तेथें धुकें, ओल आणि वावझड यांच्याशींच गांठ पडते.

या दोन्ही धड्यांचें उत्तम उदाहरण मॉरिशस हें आहे. मराठी माणसास तें बेट दूरचें असलें तरी परकें नाहीं. सन १८३४ पासून उंसाच्या मळ्यांवर करारानें मजूर नेले जाऊं लागले, त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकहि होते. त्यांचे वंशज आजहि तेथें घरोघर गणपति बसवितात, आणि गणेशचतुर्थीस तेथें सरकारी सुटी असते. हें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर आहे, म्हणून तेथें आपल्याकडील नैर्ऋत्य वारा नाहीं. तेथें आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे आहेत. ते थोडेफार वर्षभर वाहतात. परंतु जून ते सप्टेंबर, म्हणजे तेथील हिवाळ्यांत, त्यांना विशेष जोर चढतो. त्यामुळें पूर्व व आग्नेय किनारा वाऱ्याचा, आणि पश्चिम व वायव्य किनारा आडोशाचा ठरतो. मध्यें पठार असल्यानें पाऊसहि पूर्वेस व पठारावर अधिक आणि पश्चिम किनाऱ्यावर पुष्कळच कमी असतो.

हा भेद तेथील इतिहासांतहि उमटला आहे. डच लोकांनीं सन १६३८ मध्यें आपली पहिली वसाहत आग्नेयेकडील बंदरावर केली. शिडाच्या जहाजाला तेथें वाऱ्याबरोबर आंत शिरणें सोपें जाई, पण परत निघतांना तोच वारा समोर येऊन उभा राही. पुढें फ्रेंचांचा अंमल झाला, आणि सन १७३५ मध्यें आलेला त्यांचा गव्हर्नर लाबूर्दोने यानें वायव्येकडील पोर्ट लुई हेंच मुख्य बंदर व राजधानी म्हणून उभारलें. तेथें डोंगराचा आडोसा होता. तेव्हां ऑगस्ट-सप्टेंबरांत, गणपतीच्या सुमारास, मॉरिशसला जाणाऱ्या कुटुंबानें वायव्येकडील ग्रॅण्ड बे किंवा पश्चिमेकडील फ्लिक-आं-फ्लाक या बाजूस राहावें. वृद्धांना बाहेर बसतां येईल आणि मुलांना उथळ, शांत पाणी मिळेल. पूर्वेकडील बेल मार येथील वाळू सुंदर आहे, पण त्या महिन्यांत तेथें बसणाराच्या ताटांत ती वाळू उडून येण्याचा संभव असतो.

तथापि आडोशालाहि किंमत द्यावी लागते. जेथें वारा नाहीं तेथें उकाडा असतो, आणि पाणी साचलें तर डांसहि होतात. पोर्ट लुई येथें सन १८६६ ते १८६८ या काळांत हिवतापाची भयंकर सांथ आली, तेव्हां ज्यांना शक्य होतें अशीं पुष्कळ कुटुंबें पठारावरील क्युरपीप येथें राहावयास गेलीं. तेथें पाऊस व धुकें अधिक, पण हवा थंड. यास्तव डिसेंबर-जानेवारींत, तेथील ऐन उन्हाळ्यांत, त्याच पूर्व किनाऱ्याचा वारा सुखद वाटतो आणि आडोशाची बाजू घामाघूम करते. जागा चांगली कीं वाईट हा प्रश्न महिन्याचें नांव घेतल्यावांचून विचारतांच येत नाहीं.

अंदमानचा प्रकार याहून निराळा आहे. तेथें वर्षांतून वारा दोनदां दिशा पालटतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, आणि नोव्हेंबरपासून ईशान्येचा. म्हणून तेथील एकच किनारा सहा महिने आडोशाचा, तर पुढें वाऱ्याचा होतो. ज्या बेटास सन २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणत आणि आतां स्वराज द्वीप म्हणतात, त्याचा प्रसिद्ध राधानगर किनारा पश्चिमेस आहे, तर विजयनगर व गोविंदनगर या वस्त्या पूर्वेस आहेत. पावसाळ्यांत राधानगरास लाटांचा जोर असतो आणि पूर्वेकडील बाजू त्या मानानें निवांत असते. दिवाळीनंतर ईशान्येचा वारा सुटला म्हणजे पारडें फिरतें. जानेवारी ते मार्च हे महिने सर्वांत शांत. ज्यांना सुटीचें बंधन नाहीं त्यांनीं तेच पसंत करावेत.

अंदमानांत जागा निवडतांना एकदां मोठी चूक झाली, तिची हकीकत उद्बोधक आहे. सन १७८९ मध्यें आर्चिबाल्ड ब्लेअर या अधिकाऱ्यानें दक्षिण अंदमानच्या पूर्व बाजूस, आंत शिरलेल्या बंदरांत, वसाहत घातली. सन १७९२ मध्यें ती उत्तर अंदमानांतील दुसऱ्या एका बंदरावर हलविण्यांत आली, कारण लढाऊ जहाजांच्या दृष्टीनें तें बंदर अधिक सोयीचें मानलें गेलें. परंतु तेथें रोगराईनें माणसें मरूं लागलीं, आणि सन १७९६ मध्यें ती वसाहत मोडावी लागली. पुढें सन १८५८ मध्यें पुन्हां वसाहत झाली ती ब्लेअरच्या पहिल्याच जागीं. तें पोर्ट ब्लेअर; सन २०२४ पासून त्याचें नांव श्री विजयपुरम् असें आहे. जहाजाला जी जागा उत्तम, ती माणसाच्या बिऱ्हाडाला उत्तम असतेच असें नाहीं, हा बोध येथें घ्यावयाचा.

लक्षद्वीपांत तर डोंगरच नाहीं. तीं पोंवळ्यांचीं बेटें समुद्रसपाटीपासून अवघीं एक-दोन मीटर वर आलेलीं आहेत. तेथें आडोसा देतो तो पाण्यांतील पोंवळ्यांचा बांध. बहुतेक बेटें त्या बांधाच्या पूर्व कडेला असून पश्चिमेस उथळ खारें सरोवर पसरलेलें असतें. नैर्ऋत्येच्या लाटा सरोवराच्या बाहेरील कडेवर फुटतात आणि आंतील पाणी पुष्कळसें संथ राहतें. म्हणजे येथें गंमत अशी, कीं वाऱ्याकडील बाजूसच पाणी अधिक शांत मिळतें! पण वारा मात्र त्या बांधानें अडत नाहीं. तो नारळीच्या शेंड्यांवरून सरळ येतो. शिवाय पावसाळ्यांत जहाजांच्या फेऱ्या कमी होतात, आणि बाहेरच्या माणसास बेटावर उतरण्यास परवाना लागतो, तो अगोदर काढावा लागतो. यास्तव मे महिन्याच्या उत्तरार्धांत तेथें जाण्याचा बेत शहाणपणाचा नव्हे.

येथवर नियमित वाऱ्यांचा विचार झाला. चक्रीवादळाचा न्याय अगदीं वेगळा आहे. नियमित वारा एका दिशेनें वाहतो, म्हणून डोंगराच्या मागें लपतां येतें. चक्रीवादळांत वारा केंद्राभोंवतीं फिरतो. विषुववृत्ताच्या उत्तरेस घड्याळाच्या कांट्याच्या उलट आणि दक्षिणेस कांट्यांप्रमाणें. वादळ पुढें सरकतें तशी वाऱ्याची दिशा बदलते, आणि केंद्र माथ्यावरून गेलें तर थोडा वेळ सर्व शांत होऊन मग उलट दिशेनें वारा सुटतो. सकाळीं जी बाजू आडोशाची होती तीच संध्याकाळीं तोंडावर येते. मॉरिशसचें पोर्ट लुई व्यापारी वाऱ्यांपासून सुरक्षित खरें; पण फेब्रुवारी १९६० मध्यें कॅरॉल नांवाच्या वादळानें सारें बेट झोडपलें, त्या वेळीं वाऱ्याचे झोत ताशीं २५६ किलोमीटरपर्यंत गेले; आणि जानेवारी २०२४ मध्यें बेलाल वादळाच्या पावसानें पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या.

शांत ऋतूहि या संकटापासून मुक्त नसतो, किंबहुना आपल्याकडील चक्रीवादळें बहुधा पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडेच येतात. डिसेंबर २०१६ मध्यें अंदमानच्या स्वराज द्वीप व शहीद द्वीप या बेटांवर हजाराहून अधिक प्रवासी वादळी हवेमुळें अडकून पडले आणि नौदलाच्या जहाजांना त्यांना आणावें लागलें. सन २०१७ च्या डिसेंबरच्या आरंभीं ओखी वादळानें लक्षद्वीपांतील मिनिकॉय व कल्पेनी या बेटांना तडाखा दिला. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां श्रीवर्धन-मुरूडकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि असंख्य घरांचे पत्रे उडाले. ता. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळाचें केंद्र दूर समुद्रांत असतांहि कुलाब्यास ताशीं ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला.

म्हणून बाजू निवडल्यावर घरहि निवडावें. अगदीं पुळणीला लागून असलेली झोपडीवजा खोली चित्रांत मोहक दिसते. पण वाऱ्याच्या ऋतूंत किनाऱ्यापासून कांहीं अंतर आंत, झाडांच्या पट्ट्यामागें असलेलें घर बरें. कोंकणांतील जुन्या लोकांनीं आपलीं घरें वाडीच्या आंत बांधलीं आणि पावसाळ्यापूर्वीं वाऱ्याकडील बाजूस झापांची झडप बांधण्याचा रिवाज ठेवला, तो उगीच नव्हे. मात्र ऐन नारळाखालीं अंथरूण घालूं नये. पक्क्या भिंतींचें व स्लॅबचें घर असावें. सखल बेटावर वरचा मजला असल्यास उत्तम. निजण्याच्या खोलीची खिडकी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस असावी. दवाखाना किती दूर आहे आणि तेथपर्यंतचा रस्ता पाण्याखालीं जातो कीं काय, हें घरांत आजारी माणूस असेल तर सर्वांआधीं विचारावें.

हें सारें कळावें कसें? हॉटेलच्या मालकास विचारलें तर त्याची जागा बारा महिने उत्तमच असते. तेथील कोळ्याला विचारावें. ज्या महिन्यांत जावयाचें त्या महिन्यांत वारा कोणत्या दिशेनें येतो, त्या दिवसांत होड्या कोणत्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, आणि गेल्या वर्षीं त्या महिन्यांत बोट किती दिवस बंद होती, हे तीन प्रश्न पुरेत. ज्या किनाऱ्यावर होड्या ठेवतात तो आडोशाचा. कारण होडी हें कोळ्याचें सर्वस्व असतें, आणि तो तें चुकीच्या जागीं ठेवीत नाहीं. भारतीय हवामान खात्याचे इशारे निघण्यापूर्वीं आणि मुक्कामावर असतांहि रोज पाहावेत. सामानांत आठ दिवसांचें जादा औषध व थोडी रोकड असावी. आणि परतीचें विमान ज्या दिवशीं असेल, त्याच्या निदान दोन दिवस आधीं लहान बेट सोडून विमानतळ असलेल्या बेटावर यावें. ते दोन दिवस कित्येकांना वायां गेल्यासारखे वाटतात. परंतु बोट बंद झाली म्हणजे सगळ्या सहलींत तेवढेच दोन दिवस उपयोगीं पडतात.