परतवारीचे गाव

आषाढी करून आलेला मराठवाड्यातला वारकरी घरी फार दिवस टेकत नाही. पंधरवड्यात वद्य एकादशी येते आणि पावले नर्सीकडे वळतात. ही परतवारी. संत नामदेवांचे जन्मगाव मानलेले, हिंगोली तालुक्यातले कयाधूकाठचे हे शेतीचे गाव त्या दिवशी माणसांनी फुलून जाते.

नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ.स. १२७० चा, कार्तिक शुद्ध एकादशीचा मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. जन्मगावाचा वाद मात्र जुना आहे. शीख धर्मावर १९०९ साली ग्रंथ लिहिणाऱ्या मेकॉलिफने ‘नरसी बामणी’ कऱ्हाडजवळ टाकली. कुणी पंढरपूरच धरतात. मला नर्सीचा पक्ष बळकट वाटतो, त्याचे एक कारण जवळचे औंढा. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते तिथल्या नागनाथाच्या देवळात, अशी परंपरा आहे. पुढे नामदेव पंजाबात गेले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या घुमानला २०१५ साली ८८वे मराठी साहित्य संमेलन भरले ते याच धाग्याने. म्हणून नर्सीत आज गुरुद्वाराही आहे आणि पगडीवाला यात्रेकरू इथे कुणाला परका वाटत नाही.

नदीची गोष्ट गमतीची. वाशिमच्या बाजूने येणारी कयाधू नर्सी, हिंगोली, कळमनुरी करत पैनगंगेला मिळते. तिथून वर्धा, प्राणहिता असा विदर्भाला वळसा घालून हे पाणी गोदावरीत पडते. जिल्ह्याच्या दक्षिणेची पूर्णा मात्र सरळ गोदेला जाते. कयाधूच्या पाण्याचा भरवसा पावसाळ्यापुरताच. पुढे विहीर, बोअर आणि ठिबक.

राज्ये बदलली. हिंगोलीत निजामाच्या फौजेची छावणी होती, ती १९०३ च्या सुमारास उठली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पिकेही बदलली. काळ्या रानात ज्वारी-कापसाची जागा सोयाबीनने घेतली आणि पाणी असेल तिथे हळद आली.

हळद शेतकऱ्याला थांबायला लावते. मे-जूनमध्ये बेणे गादीवाफ्यावर लावायचे, आठ-नऊ महिने सांभाळायचे, पाला कापून कंद खणायचे. मग खरी कसोटी, हळद शिजवण्याची. कुकरमधून वाफ सुटली की उग्र, मातकट वास शिवारभर पसरतो. हळकुंडात काडी अलगद शिरली की शिजली समजायचे. कच्ची राहिली तर वाळताना दगा देते, जास्त शिजली तर रंग जातो. पुढे ताडपत्रीवर दहा-पंधरा दिवस वाळवण, आणि त्यातच अवकाळी आला तर वर्षाचे गणित विस्कटले. ढोलात घासून पॉलिश झालेला माल ओल्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन २०२४ साली मिळाले ते जिल्ह्यातल्याच वसमतच्या नावाने. पोत्यांचे बीट होते ते हिंगोलीच्या यार्डात, आणि त्या यार्डाला नाव संत नामदेवांचे.

सोयाबीनच्या पैशात दिवाळी निघते. लग्न, कर्ज, नवी बोअर हळदीच्या भरवशावर. कार्तिकी एकादशीला जयंतीचे टाळ वाजतात तेव्हा सोयाबीन विकून झालेले असते. हळद अजून जमिनीत असते, कमरेएवढी हिरवीगार.