वरचा दात काढला म्हणून नजर जात नाही

महाडच्या आसपासच्या गावांत आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर दात दुखू लागला की आधी लवंग, मग मशेरीची चिमूट, मग मेडिकलमधली गोळी. गाल सुजून डोळा मिटायला आला की मगच दवाखाना. या दिरंगाईला गाडीभाडं आणि खाडा ही कारणं आहेतच, पण त्याहून मोठं कारण भीतीचं आहे.

सगळ्यात चिवट समज डोळ्यांचा. वरची दाढ किंवा सुळा काढला तर नजर जाते, असं जाणती माणसंही सांगतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूला तीन फांद्या असतात: एक कपाळ आणि डोळ्याच्या भागातली, दुसरी वरच्या जबड्यातली, तिसरी खालच्या जबड्यातली. म्हणूनच वरची दाढ ठणकली की कळ डोळ्यामागे जाते. दृष्टीचा मज्जातंतू मात्र निराळा आहे. तो डोळ्याच्या मागून सरळ मेंदूकडे जातो, दाताच्या वाटेत येत नाही. हा समज टिकला तो वयामुळे, असं मला वाटतं. पन्नाशी-साठीत दात हलू लागतात, त्याच वयात मोतीबिंदूही वाढतो, आणि दोष काढलेल्या दाताच्या माथी बसतो. उलट वरच्या दाताचा पू तसाच राहू दिला, तर क्वचित संसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचतो. भ्यायचं तर त्या पुवाला भ्यावं.

दुखण्याची भीती समजण्यासारखी आहे. पण १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेलं लिग्नोकेन हे बधिरीचं औषध आज तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतं. सुई टोचते तेवढी टोचते. मग ओठ जड होतो. छातीत थोडं धडधडलं तर घाबरू नये, इंजेक्शनात बऱ्याचदा अ‍ॅड्रेनलिन असतं आणि ती धडधड काही मिनिटांत शमते. पुढे दाब जाणवतो, करकर ऐकू येते, तीव्र कळ येत नाही. आलीच तर हात वर करावा, डॉक्टर आणखी औषध देतात. दात हिसका देऊन उपटतही नाहीत. जमिनीत रुतलेली मेढ हलवून हलवून सैल करावी, तसा तो आधी सैल करून मग काढतात. पू भरलेल्या जागी बधिरी नीट चढत नाही, म्हणून कधी आधी पुवाचा निचरा करावा लागतो. पण सूज असताना दात काढतच नाहीत, हा नियम नव्हे. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

पहिली एसटी पकडायची म्हणून अनेकजण उपाशी निघतात. फक्त जागा बधिर करून दात काढायचा असेल तर खाऊनच जावं. रिकाम्या पोटी चक्कर येते. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये. ती आणि मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं पिशवीत घालून न्यावीत आणि डॉक्टरांना दाखवावीत.

खरी चूक घरी आल्यावर होते. रक्त दिसलं की लोक चुळा भरतात, थुंकत राहतात. खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ हीच तिथली मलमपट्टी असते. चुळेने ती निघून येते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास दाताखाली घट्ट दाबून धरावा, लाळ गिळावी, चोवीस तास चूळ भरू नये. लाळेत मिसळलेलं थोडं रक्तही पुष्कळ वाटतं. पहिल्या दिवशी कोमट पेज, मऊ भात, दही चालतं. आईस्क्रीमही चालतं, स्ट्रॉ नको. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या गुळण्या कराव्यात.

मशेरी, तंबाखू आणि विडी निदान तीन दिवस पूर्ण बंद. त्यांनी गाठ सुटली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो.

डोंगरातून येणाऱ्यांनी शक्यतो सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे रक्त थांबलं नाही तर त्याच दिवशी परत दाखवता येतं. दुखरी दाढ पावसाळ्याआधीच दाखवावी. जुलैत घाटात दरड आली की दवाखाना लांब पडतो.

बोळा दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप आला असेल किंवा सूज वाढत असेल, तर लगेच डॉक्टर गाठावा. जबड्याखाली सूज उतरून तोंड उघडेना, गिळवेना किंवा श्वास लागला, तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच १०८ ला फोन करावा.