संगाईच्या पायाखालची जमीन

हरणे वाचवायची म्हणजे काय करायचे, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले 'शिकार थांबवायची' असे सांगतील. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. मणिपूरच्या संगाई हरणाची हकिकत त्यासाठी पाहू.

१९५१च्या सुमारास संगाई नामशेष झाले असे मानले गेले होते. दोनच वर्षांनी निसर्गतज्ज्ञ ई. पी. जी यांना ते लोकटाक सरोवराच्या काठी आढळले. १९७५च्या हवाई गणनेत मात्र अवघी १४ हरणे दिसली. १९७७ साली तेथे केबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान झाले, क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटर. वनखात्याच्या पहाऱ्याला भोवतालच्या गावांतील तरुणांची साथ मिळाली. २०१६च्या गणनेत संख्या २६० भरली.

येथे थांबता आले असते तर किती बरे झाले असते! पण हे हरीण ज्या जमिनीवर चरते, ती पाण्यावर तरंगते. गवत, मुळे, कुजलेला पाला आणि माती गुंतून झालेली ही गादी. मणिपुरी लोक तिला फुमडी म्हणतात. तिचा जेमतेम पाचवा हिस्सा पाण्याच्या वर असतो. नर संगाईचे वजन शंभर किलोच्या आसपास. गादी पातळ झाली की त्याचे पाय आत रुततात.

पूर्वी कोरड्या ऋतूत पाणी ओसरे, फुमडी तळाला टेके आणि वनस्पतींची मुळे चिखलातून पोषण घेत. पावसाळ्यात ती पुन्हा वर येई. १९८३ साली वीजनिर्मितीसाठी इथाई बंधारा झाला आणि पाण्याची पातळी वर्षभर उंच राहू लागली. फुमडी तळाला टेकेनाशी झाली, आणि पातळ होत चालली. त्याच पाण्याने काठची शेतेही बुडाली. म्हणजे शेतकऱ्याचे आणि हरणाचे दुखणे एकच. बंधाऱ्याची दारे उघडा, ही गावकऱ्यांची जुनी मागणी आम्हाला म्हणूनच शास्त्रदृष्ट्याही रास्त वाटते. (सरोवरातच राहणाऱ्या मच्छीमारांना मात्र प्रदूषणाचे कारण ठरवून २०११ साली त्यांच्या शेकडो तरंगत्या झोपड्या जाळण्यात आल्या.)

शिकाऱ्याला गावकरी अडवू शकतात. कोरड्या ऋतूत बंधाऱ्याची दारे किती उघडायची हे ठरविणे मात्र त्यांच्या हाती नाही.