सूज आणणारं आणि आवरणारं प्रथिन

येडशीच्या रामलिंग घाटात श्रावणी सोमवारी भाविकांची रीघ लागते. वाट सोडून जंगलात शिरलं, की टाचेत बाभळीचा काटा मोडायला वेळ लागत नाही. काटा निघतो, पण त्याच्यासोबत गेलेले जिवाणू आत राहतात. संध्याकाळी टाच ठणकते, लाल होते, सुजते. ही सूज बरीचशी आपल्याच पेशींनी आणलेली असते.

कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. जिवाणूंच्या आवरणातले ठरावीक रेणू त्या टोल-सदृश ग्राहींनी ओळखतात. यातला टीएलआर-४ कोणता रेणू ओळखतो, हे ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ मध्ये उंदरांवरून दाखवलं. २०११ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते.

चाहूल लागली, पण जनुकांना कामाला कोण लावतं? ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर ठरावीक जागी बसणारी प्रथिनं. त्यांतलं एनएफ-कॅपा-बी हे रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये शोधलं. ते पेशीत आधीपासून तयारच असतं, फक्त आय-कॅपा-बी नावाच्या प्रथिनाच्या दाव्याने बांधलेलं. संदेश आला की काही मिनिटांत हे दावं तुटतं. मोकळं झालेलं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ, आयएल-६ यांसारखी जनुकं चालू करतं. त्यांपासून बनलेल्या प्रथिनांमुळे रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. पू होतो तो याच धुमश्चक्रीतून.

खरी करामत पुढे आहे. एनएफ-कॅपा-बी जी जनुकं चालू करतं, त्यांत आय-कॅपा-बीचंही जनुक असतं! म्हणजे स्वतःला बांधणारं दावं ते स्वतःच वळून घेतं. हा आवर सुटून प्रतिसाद अंगभर उसळला, तर सेप्सिसमध्ये रक्तदाब कोसळतो.

पेशीगणिक जनुकं मात्र वेगळी चालू होतात, कारण डीएनएचा कोणता भाग उघडा ठेवायचा हे आधीच ठरलेलं असतं. मॅक्रोफेजमध्ये ते काम पीयू-१ करतं. टी-पेशींत अशाच कामात भाग घेणाऱ्या सॅटबी-१ या प्रथिनावर पुण्यात संजीव गलांडे यांनी संशोधन केलं. २०१० मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

स्टिरॉइडची औषधंही जनुकांच्या याच पातळीवर काम करतात. त्यांचा पेशीतला ग्राही हा स्वतःच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे आणि तो एनएफ-कॅपा-बीला दाबतो. सूज उतरते, पण जिवाणूंशी चाललेली झुंजही मंदावते. म्हणून पिकलेल्या जखमेवर मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टिरॉइडचं मलम चोळू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.