पऱ्हाटीच्या दप्तरातले कारकून

जालन्याहून मेहकरकडे निघालेल्या माणसाला, सिंदखेड राजा मागे पडल्यावर, लोणार तालुक्यातील बीबी हे गाव लागते. आश्विनात या वाटेने जाताना सोयाबीनची सोंगणी आणि तुरीच्या हिरव्या ओळी यांच्यामध्ये पऱ्हाटीची रानेही दिसतात, आणि एखाद्या बांधावर घटकाभर टेकले की वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेतही सहसा न विचारला जाणारा एक प्रश्न कानी पडतो. “भाऊ, बीटीचं औषध पानात हाय, मग बोंडात काऊन कमी पडते?”

प्रश्न रास्त आहे. पानातील पेशी आणि बोंडाच्या सालीतील पेशी यांच्यापाशी डीएनएचे बाड एकच असते. अळीला मारक ठरणारे प्रथिन तयार करण्याची आज्ञा दोन्हीकडे अक्षरशः तीच लिहिलेली असते. परंतु दप्तरात कागद असणे आणि त्याची अंमलबजावणी होणे यांत जे अंतर कचेरीत पडते, तेच पेशीतही पडते. आणि ती अंमलबजावणी ज्यांच्या हाती असते, त्या प्रथिनांना शास्त्रात प्रतिलेखन-घटक म्हणतात.

जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली, आणि तिच्याच तीन संकरित वाणांच्या रूपाने मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला भारतात प्रथम परवानगी मिळाली. मातीतील जिवाणूपासून घेतलेले क्राय१एसी हे जनुक कापसाला परके. त्याच्या माथ्यावर योग्य मथळा नसता, तर ते कोणी वाचलेच नसते. तो मथळा, म्हणजे प्रवर्तक, फुलकोबीला मोझेइक रोग जडवणाऱ्या विषाणूकडून उसना घेतलेला असून त्याचे नाव ३५एस. विषाणूची लबाडी मोठी रसिक म्हटली पाहिजे: या कामापुरता त्याच्या पदरी स्वतःचा कारकून नाही, म्हणून तो आपला हुकूम अशा थाटात लिहितो, की यजमान झाडाच्या कारकुनाला तो आपल्याच साहेबाचा वाटावा.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात नाम-हाय चुआ यांच्या प्रयोगशाळेने १९८९ मध्ये दाखवून दिले, की ३५एसमध्ये एकवीस अक्षरांचा एक तुकडा असून त्यात ‘टीजीएसीजी’ ही पाच अक्षरे दोनदा येतात, आणि झाडाच्या टीजीए कुळातील प्रथिने नेमकी त्यांनाच धरतात. धरतात ती कशी? डीएनएचा पीळ त्यासाठी उलगडावा लागत नाही, हे यातले नवल. खिशातील चिल्लरीतून हवे ते नाणे आपण न पाहता, केवळ कडेवरून अंगठा फिरवून काढतो, तसेच हे. पिळाच्या दोन धाग्यांमधून एक रुंद आणि एक अरुंद अशा दोन खाचा वळसे घेत जातात. रुंद खाचेत अक्षरांच्या जोड्यांच्या कडा उघड्या असतात, आणि हायड्रोजन बंध देण्याघेण्याच्या जागांची मांडणी प्रत्येक जोडीच्या कडेवर निराळी असते. टीजीए प्रथिने जोडीने वावरतात. दर सातव्या घरी येणाऱ्या ल्युसीन या अमिनो आम्लांच्या ओळीने दोघे एकमेकांना बिलगतात, आणि त्यांचे मोकळे दोन पाय चिमट्याच्या पात्यांसारखे फाकून डीएनएला रुंद खाचेत धरतात. या पायांवर आर्जिनीनसारखी धनभारित आम्ले असल्यामुळे डीएनएच्या ऋणभारित फॉस्फेटी कण्याशी त्यांची सलगी कोठेही जमते. म्हणून प्रथिन आधी भलतीकडेच टेकते, थोडे घसरते, सुटते, पुन्हा टेकते, आणि योग्य अक्षरे पायांखाली आली म्हणजे कडांशी बंध अचूक जुळून तेथे रेंगाळते. एवढे रेंगाळणे पुरते. त्याच्या आधाराने मध्यस्थ प्रथिने गोळा होतात, आणि आरएनए पॉलिमरेझ हा पेशीचा नक्कलनवीस जनुकाच्या तोंडाशी येऊन बसतो.

आता हिशेब. पाच अक्षरांचा शब्द निव्वळ योगायोगाने सरासरी १,०२४ अक्षरांमागे एकदा येणार, आणि कापसाच्या दप्तरात अक्षरे दोनशे कोटींवर. तेव्हा टीजीएसीजी लाखो ठिकाणी सापडणारच. त्यांतील कित्येक ठिकाणे हिस्टोन प्रथिनांच्या रिळांभोवती गुंडाळून झाकलेली असतात, आणि उघड्या राहिलेल्यांतही एका सहीने काम भागत नाही. शेजारच्या खुणांवर दुसरे घटक हजर असावे लागतात. फिलिप बेन्फे आणि चुआ यांनी ३५एसचे तुकडे वेगवेगळे करून पाहिले, आणि १९९० मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला: टीजीएसीजी असलेला भाग मुख्यतः मुळांत जागा होतो, त्याच्या मागचा भाग प्रामुख्याने पानांत. सर्वत्र आणि सदोदित चालणारा अशी ज्याची ख्याती, तो प्रवर्तक निरनिराळ्या कारकुनांच्या सह्यांची बेरीज निघाला!

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटी कापसाच्या झाडाचा एकेक अवयव तपासून २००५ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात जे प्रसिद्ध केले, ते बांधावरच्या प्रश्नाचे जवळजवळ शब्दशः उत्तर आहे: क्राय१एसी पानांत सर्वांत अधिक, बोंडाची साल आणि फुलातील बीजकोश यांत अपुरे, आणि झाडाचे वय वाढेल तसतसे सर्वत्र उतरते. तेच जनुक, पण वाणागणिक प्रमाण निराळे. कारणे एकाहून अधिक आहेत, जमिनीतील नत्रही त्यांत येते. तथापि जनुक घातले म्हणजे काम फत्ते, ही समजूत मला तरी पुष्कळशी बाळबोध वाटते. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद न देणे हा मात्र मुख्यतः किडीच्या अंगी झालेल्या बदलाचा खटला असून तो येथे मिसळण्याचे कारण नाही.

आणि बोंडात वाचक नाहीत असेही नव्हे. फूल उमलते त्या दिवशी कोवळ्या सरकीच्या सालीतील कित्येक पेशी फुगून बाहेर येऊ लागतात, आणि त्यांतील प्रत्येक एकटी पेशी अडीच-तीन सेंटिमीटर लांबते. तिलाच आपण कापसाचा धागा म्हणतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मायब कुळातील एक प्रतिलेखन-घटक कापसाच्या झाडात निष्प्रभ केला, तेव्हा बोंडे धरली, पिकली, उकलली. आत सरकी निघाली, तिच्यावर धागा नव्हता.