उभं कुठं राहायचं

नगरच्या भुईकोट किल्ल्याला दर्शनी बाजू नाही. डोंगरी किल्ल्याचा फोटो काढायला गेलं की कडा, माची, एखादा बुरूज असं काही ना काही पुढे येतं आणि चौकट जुळते. इथे तसं होत नाही. जवळजवळ गोलाकार तट, भोवती सुमारे तीस मीटर रुंदीचा खंदक, आणि खंदकाच्या अलीकडे आपण. चालत राहिलं तरी समोर तीच वळत जाणारी भिंत. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात मूळ मातीच्या कोटाला हे दगडी रूप दिलं, तेव्हा तोफांचा जमाना सुरू झालेला होता. गोल तटाला कोपरा नसतो, त्यामुळे तोफेला नेम धरायला कच्ची बाजू मिळत नाही. कॅमेऱ्यालाही मिळत नाही.

इमारतींचे फोटो काढू लागलो तेव्हा मला वाटायचं, चांगला कोन शोधणं ही फोटोग्राफरची कला. नगर जिल्ह्यात फिरताना हे मत बदललं. इमारत कुठून पाहायची हे बांधणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. आपण ती जागा शोधायची. कधी ती जागा उरलेली नसते, आणि खरं काम तिथून सुरू होतं.

भुईकोटापुरतं बोलायचं तर त्याचा आकार आकाशातूनच समजतो. गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून महाराष्ट्रातल्या किल्ल्यांचे फोटो काढले, तेव्हा वर्षानुवर्षं ते किल्ले पायी चढलेल्या माणसांनाही त्यांची अंगकाठी पहिल्यांदा दिसली. पण भुईकोट लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे ड्रोन उडवण्याचा विचारही करायचा नाही. मग मी खंदकाच्या काठाने चालत राहतो आणि पूर्ण किल्ला एका फोटोत धरायचा हट्ट सोडतो. तटाचं वळण जिथे नजरेआड होतं, तेवढाच भाग घ्यायचा. १९४२च्या ऑगस्टपासून १९४५पर्यंत नेहरू, पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव याच तटाच्या आत कैदेत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं गेलं. कैद्यांना ही भिंत आतून दिसायची, आणि गोल भिंतीला आतूनही कोपरा नसतो. त्या खोल्यांचे फोटो पुष्कळांनी काढलेत. मला तटाच्या आतल्या बाजूचं ते वळण अधिक बोलकं वाटतं.

शहराच्या आग्नेयेला फराहबक्ष महाल आहे. लोक त्याला फराहबाग म्हणतात. मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३मध्ये तो पुरा झाला. कोपरे तासलेली अष्टकोनी दुमजली इमारत, चार दिशांना चार उंच कमानी, मधोमध घुमटाखालचं दालन. दगडावर चुन्याचा जाड गिलावा आहे, तो अनेक ठिकाणी निखळलाय. या महालाच्या चारही बाजूंना तलाव होता आणि महाल त्याच्या मधोमध उभा होता. म्हणजे ज्याने तो बांधला, त्याने पाण्यापलीकडून पाहणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. उंच कमान आणि तिचं पाण्यातलं उलटं रूप मिळून ती इमारत पुरी होत असणार. आज तलाव कोरडा आहे, त्याच्या तळात गवत आणि काटेरी झुडपं वाढलीत.

आता मी जिथे ट्रायपॉडशिवाय, हातात कॅमेरा धरून उभा राहतो, तिथे तेव्हा डोक्यावरून पाणी असणार. हे मनात ठेवलं नाही तर फोटो चुकतो. तळातून कॅमेरा वर उचलला की कमानी माथ्याकडे एकमेकींकडे झुकतात आणि महाल मागे कलंडल्यासारखा दिसतो. ज्या नजरेसाठी तो बांधलाच नव्हता, त्या नजरेने आपण त्याला पाहत असतो. म्हणून मागे सरकत जायचं, तलावाच्या जुन्या काठावर चढायचं, कॅमेरा जमिनीला काटकोनात ठेवायचा आणि खालचा अर्धा फोटो रिकाम्या जमिनीला द्यायचा. छायाचित्रणाच्या पुस्तकात हा दोष मानतील. इथे मात्र तो रिकामा भाग म्हणजे तलाव आहे, तो कापला तर इमारतीची अर्धी गोष्ट गेली. एका पावसाळ्यात तिथे गुरं चारणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी मला सांगितलं, “आत्ता नका काढू. चांगला पाऊस झाला ना, तर तिकडल्या अंगाला पाणी साचतं. तवा या.” मी गेलो. पाणी थोडंच होतं, पण कमानीचं खालचं टोक त्यात उतरलं होतं.

आतल्या दालनाची अडचण निराळी. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख, आणि दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन ते जुळवता येतात, मीही तसं केलंय. पण जुळवलेल्या फोटोत घुमटाचा कण अन् कण उजळतो, आणि रखरखीत उन्हातून आत आल्यावर डोळे निवण्याचा जो अनुभव यावा म्हणून ते दालन बांधलं, तोच नाहीसा होतो. हल्ली मी सावली काळीच राहू देतो.

नगरच्या पूर्वेला डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. अख्खा जिल्हा तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. चांदबिबीचा त्या वास्तूशी संबंध नाही. तळघरातली कबर मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची आहे. तरी लोकांच्या तोंडी ते नाव का बसलं असावं, हे तिथे उभं राहिलं की समजतं. मोगलांच्या वेढ्यात नगर लढवणाऱ्या राणीने एवढ्या उंचीवरून आपलं शहर पाहिलं असावं, असं कुणालाही वाटेल. ही तीन मजली अष्टकोनी वास्तू दोन्हीसाठी आहे: दुरून दिसण्यासाठी आणि दूरवर पाहण्यासाठी.

अष्टकोनाचा फोटो काढायचा तर सूर्य कुठे आहे हे नीट समजून घ्यावं लागतं. एका जागेवरून तीन बाजू दिसतात. सूर्य आपल्या पाठीशी असेल तर तिन्ही सारख्या उजळतात आणि इमारत सपाट दिसते. तो बाजूला असेल तर एक बाजू उजळ, एक मध्यम, एक काळी अशी उतरंड लागते आणि कोन जागे होतात. नगर १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो. हिवाळ्यात ज्या उत्तरेच्या भिंतीला ऊन शिवत नाही, तिच्यावर मे-जूनच्या सकाळी तिरपा उजेड पडतो. पर्यटक हिवाळ्यात येतात. उत्तरेच्या भिंतींचे चांगले फोटो म्हणूनच कमी सापडतात.

किल्ल्याजवळची दमडी मशीद सलाबतखानाच्या कबरीच्या अगदी उलट स्वभावाची. १५६७मध्ये साहिरखानाने ती बांधली. कामावरच्या मजुरांनी दमडी दमडी देऊन ती उभी राहिली, असं गावात सांगतात. आकाराने लहान, पण काळ्या दगडावरचं कोरीव काम इतकं बारीक की दुरून फोटो काढण्यात अर्थ नाही. हात लांब केला तर दगडाला लागेल, इतकं जवळ जायचं. मशिदीचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन थेट अंगावर येतं, पण थेट ऊन कोरीव कामाचा शत्रू. खोदलेल्या रेषेत सावली पडायला उजेड भिंतीला घासून जायला हवा. सूर्य दक्षिणेकडे सरकेपर्यंत थांबायचं. मग वेली, पदकं, झुंबरं एकेक करून वर येतात, आणि थोड्या वेळाने भिंत सावलीत गेली की पुन्हा दगडात जातात.

काळ्या दगडाचं आणखी एक सांगायला हवं. कॅमेऱ्यातलं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. चौकटभर काळा पाषाण आला की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि ते दगडाला उजळवून राखाडी करून टाकतं. जिल्ह्यातल्या देवळांचे, मशिदींचे हजारो फोटो असे राखेत लोळवलेल्या दगडाचे आहेत. एक्स्पोजर मुद्दाम एक स्टॉप खाली आणला की दगड पुन्हा काळा होतो. पाऊस पडून गेल्यावर तर तो आणखी काळा होतो आणि त्याच वेळी आभाळ अंगावर घेऊन चमकतो.

पाऊस म्हटलं की अकोले तालुका. नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, आणि त्याच्या दोन टोकांना उजेडही एक नाही. पाथर्डी-कर्जतकडे उन्हाळ्यात हवेत धूळ असते आणि संध्याकाळ तांबूस होते. पश्चिमेला भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगड इथे पावसाळ्यात सूर्य दिवसचे दिवस दिसत नाही, सावलीच पडत नाही. रतनवाडीच्या अमृतेश्वराचं शिखर लहान लहान शिखरांच्या रांगांनी बांधलंय. वाटतं की सावलीवाचून त्याची रचना उमगणार नाही. पण ढगाळ उजेडात ओल्या दगडाच्या कडांवर जी बारीक चकाकी असते, ती प्रत्येक रांग सुटी करून दाखवते. तिथे मी ऊन पडायची वाट पाहत नाही.

हेन्री कझिन्स यांचं दख्खनमधल्या मध्ययुगीन देवळांवरचं पुस्तक १९३१मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात रतनवाडीचं आणि पेडगावचं देऊळही आहे. कझिन्स पुरातत्त्व खात्यासाठी काम करत होते. देखणेपणा बाजूला ठेवून, देऊळ मोजता यावं असे त्या पुस्तकातले फोटो आहेत: रेषा सरळ, कॅमेरा समतल, चौकटीत पायापासून कळसापर्यंत सगळं. पेडगावला लक्ष्मीनारायणाच्या देवळासमोर त्या फोटोची प्रत घेऊन उभं राहिलं तर त्यांचा कॅमेरा साधारण कुठे होता हे काढता येतं. तिथून आजचा फोटो घेतला की मधल्या काळात कुठला दगड गेला, कुठला नवा बसला, हे वाद न घालता समोर येतं.

आपण मोबाइलवर रोज एवढे फोटो काढतो, पण त्यांतला एखादा पन्नास वर्षांनी असा उपयोगी पडेल का, याची मला काळजी वाटते. म्हणून प्रत्येक फोटोसोबत मी तारीख, वेळ, भिंतीची दिशा आणि उभं राहिल्याची जागा लिहून ठेवतो: अमुक पायरीपासून इतकी पावलं, अमुक झाडाच्या डावीकडे. झाड तुटू शकतं, म्हणून पायरी आधी लिहायची. ज्यांच्या गावात असं जुनं देऊळ, बारव, वेस आहे, त्यांनीही एवढं करावं ही मनापासून विनंती. ताहाकारीच्या देवळाची उत्तर बाजू माझ्या वहीत अजून कोरी आहे. ती मेच्या शेवटी, ढग यायच्या आधीच्या सकाळी करायची.